लहान तेलक्षेत्रासाठी वायू-अंतःक्षेपण : पुणे कार्यालयातील प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

गुजरातमधील खंबायत खोऱ्यात एक लहान तेलक्षेत्र चालवणाऱ्या कंपनीचे काम आज आमच्या कोथरूड कार्यालयाकडे आले. कंपनीचे मालक पुण्याचेच असून त्यांचा मूळ व्यवसाय भोसरीत यंत्रभाग बनवण्याचा आहे. सापडलेली, पण लहान म्हणून बाजूला राहिलेली काही क्षेत्रे सरकारने १९९० च्या दशकात खासगी कंपन्यांना दिली. त्यांपैकी एका क्षेत्रातील हिस्सा त्यांनी पुढे विकत घेतला. या खोऱ्यात तेल नवे नाही. लुणेजला ते १९५८ मध्ये लागले आणि अंकलेश्वरला १९६० मध्ये. नवे आहे ते एवढेच, की अशा क्षेत्रांतील मोजक्या विहिरी आता लहान कंपन्यांच्या हाती आहेत आणि त्यांचा दाब उतरला आहे.

मालकांचा प्रश्न साधा आहे. सकर रॉड पंपावर (लांब लोखंडी कांब खालीवर करून तेल उपसणाऱ्या पंपावर) चालणाऱ्या विहिरींचे उत्पादन दरवर्षी घटते आहे, नव्या विहिरीचा खर्च परवडत नाही, तेव्हा थरात वायू भरून तेल वाढवता येईल का? ज्या थरातून तेल केवळ त्यात विरघळलेल्या वायूच्या जोरावर बाहेर येते, तेथे पहिल्या टप्प्यात मूळ साठ्याच्या साधारण १० ते २० टक्केच तेल मिळते आणि उरलेले खडकाच्या छिद्रांत अडकून राहते, हे लक्षात घेता प्रश्न रास्त आहे. मोठ्या कंपन्या अशा वेळी पाणी भरतात किंवा वायू भरतात. त्यांच्या उपायाचे प्रमाण लहान केले की तो लहान कंपनीला लागू पडतो, असे मात्र आम्ही गृहीत धरणार नाही.

कामाची व्याप्ती अशी ठरली : कोणता वायू, कोणत्या विहिरीत, किती प्रमाणात भरावा आणि त्यातून मिळालेले वाढीव तेल कशावरून वाढीव मानावे. शेवटचा मुद्दा मालकांच्या पत्रात नव्हता; तो आम्ही घातला.

११ जून २०२४

विहिरींच्या फाइली आल्या. तेलधारक वालुकाश्म सुमारे १,३०० मीटर खोलीवर आहे, त्याची उत्पादक जाडी ६ मीटरच्या आसपास आणि सच्छिद्रता २२ टक्के आहे. मूळ दाब १३० बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) जवळ होता, म्हणजे तेवढ्या खोलीच्या पाण्याच्या स्तंभाइतकाच. आता तो ६० बारवर आला आहे. तापमान ८० अंश सेल्सिअस आहे. या खोऱ्यात जमिनीखालील तापमान खोलीबरोबर सरासरीपेक्षा झपाट्याने वाढते, त्यामुळे हा आकडा खटकत नाही. तेल हलके, ३६ अंश एपीआयचे (या मापात अंक मोठा तेवढे तेल हलके), पण मेणयुक्त आहे आणि हिवाळ्यात पहाटे टाकीपर्यंतच्या नळीत ते गोठते, अशी तक्रार फाइलीत वारंवार दिसते.

खरी अडचण आकड्यांच्या दर्जाची आहे. सर्व विहिरींचे तेल एकाच सेपरेटरमधून (तेल, वायू आणि पाणी वेगळे करणाऱ्या पात्रातून) एकाच टाकीत जाते आणि रोज सकाळी टाकीत डिप (पातळी मोजण्याची पट्टी) टाकून एकूण उत्पादन लिहिले जाते. कोणत्या विहिरीने किती दिले हे महिन्यातून एखाद्या चाचणीवरून वाटून काढलेले आहे, आणि ती चाचणीही प्रत्येक महिन्यात झालेली नाही. अशा नोंदींवरून क्षेत्र उतरत आहे एवढे कळते, पण एका विहिरीतील थोडीशी वाढ त्यांत ओळखता येणार नाही. म्हणून पहिली शिफारस वायूची नसून एकेका विहिरीचे उत्पादन वेगळे मोजणाऱ्या लहान चाचणी-सेपरेटरची आहे. तो भाड्याने मिळतो.

१९ जून २०२४

आजचा पूर्ण दिवस वायूच्या निवडीत गेला. पर्याय चार होते.

पहिला पर्याय क्षेत्रातूनच तेलाबरोबर येणाऱ्या वायूचा. तो विरघळण्यास सर्वांत योग्य, पण या क्षेत्रात जेवढा निघतो तेवढा पंपांची इंजिने आणि हीटर-ट्रीटर (तेल तापवून त्यातील पाणी वेगळे करणारे यंत्र) चालवण्यात संपतो. उरत नाही ते भरता येणार नाही, म्हणून हा पर्याय लगेच बाजूला ठेवला.

दुसरा कार्बन डायऑक्साइडचा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले आणि आजही सर्वत्र वापरले जाणारे निवड-निकष पाहिले, तर तेल २२ अंश एपीआयहून हलके, श्यानता (म्हणजे दाटपणा) १० सेंटिपॉइझपेक्षा कमी आणि खोली ७६० मीटरहून अधिक असावी लागते. आपला थर तिन्हींत बसतो. परंतु वायू तेलात पूर्ण मिसळून एकजीव व्हावा यासाठी लागणारा किमान दाब तापमानाबरोबर वाढतो आणि ८० अंशांना तो प्रचलित सूत्रांनुसार १५० बारच्या पुढे जातो. थरात आज ६० बार आहे. तेव्हा येथे पूर्ण मिश्रणाची भाषा करण्यात अर्थ नाही. वायू तेलात अंशतः विरघळेल, तेल फुगेल, पातळ होईल आणि विहीर उघडल्यावर विरघळलेला वायू सुटताना तेलाला पुढे ढकलेल. मिळेल तो लाभ एवढ्यातूनच.

तिसरा नायट्रोजनचा. हवेत तो ७८ टक्के आहे, त्यामुळे कच्च्या मालाचा प्रश्न नाही, आणि पडदा-पद्धतीची यंत्रे ९५ ते ९९ टक्के शुद्धतेचा नायट्रोजन जागेवर देऊ शकतात. दोन गोष्टी मात्र आड येतात. नायट्रोजन तेलात फारच कमी विरघळतो, म्हणून त्याचा उपयोग मुख्यतः दाब वाढवण्यापुरता राहतो. शिवाय जो थोडा ऑक्सिजन त्यात उरतो तो खारे पाणी असलेल्या विहिरीत पोलादी नळ्या गंजवतो. मेहसाणाजवळच्या बलोल आणि सांथल क्षेत्रांत हवा भरली जाते हे खरे, पण तेथील तेल जड आहे आणि थरातच त्याचा काही भाग जाळून उरलेले पातळ करणे हाच तेथील हेतू आहे. ते उदाहरण मालकांनी फोनवर दिले होते, म्हणून येथे नोंदवून ठेवले. आपल्या हलक्या तेलाशी त्याचा संबंध नाही.

चौथा पर्याय इंजिनाच्या धुराचा, आणि तो पहिल्या नजरेत वाटतो त्यापेक्षा विचार करण्यासारखा आहे. मिथेनचा एक घनमीटर नेमक्या हवेत जळला, तर पाणी काढून टाकल्यावर सुमारे साडेआठ घनमीटर कोरडा धूर उरतो. त्यात १२ टक्क्यांच्या आत-बाहेर कार्बन डायऑक्साइड आणि बाकी नायट्रोजन असतो. म्हणजे क्षेत्रात जे इंजिन आधीच चालू आहे, ते आपण वापरलेल्या वायूच्या कित्येक पट निष्क्रिय वायू फुकट देते. फुकटेपणा येथेच संपतो. तो धूर वातावरणीय दाबाचा, गरम, ओला आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी दूषित असतो. तो थंड करणे, वाळवणे आणि ६० बारच्या वर नेणे यासाठी चार टप्प्यांचा कॉम्प्रेसर लागतो. ताशी ५०० घनमीटरसाठी सैद्धांतिक किमान शक्ती ५८ किलोवॅटच्या जवळ येते. प्रत्यक्षात १०० किलोवॅट धरावे लागतील. कॉम्प्रेसर बनवण्याची पुण्याला जुनी परंपरा आहे, तेव्हा यंत्र मिळणे कठीण नाही, पण एका विहिरीच्या परीक्षेसाठी एवढे भांडवल अडकवणे शहाणपणाचे ठरणार नाही.

निष्कर्ष : पहिली परीक्षा टँकरने आणलेल्या द्रव कार्बन डायऑक्साइडने करावी. टनामागे तो महाग पडतो, पण थरात नेण्यासाठी कॉम्प्रेसर नव्हे तर पंप आणि हीटर पुरतो, दोन्ही भाड्याने मिळतात, आणि परीक्षा फसली तर मागे यंत्र उरत नाही. धुराचा पर्याय दोन-तीन विहिरींनंतर पुन्हा तपासावा.

२ जुलै २०२४

मालकांबरोबर कार्यालयात बैठक झाली. पाऊस आणि कर्वे रस्त्यावरची कोंडी यांमुळे ते उशिरा पोहोचले. क्षेत्र व्यवस्थापक फोनवरून सामील झाले. आमच्या भूवैज्ञानिक सहकाऱ्यांनी नकाशा मांडताच मालकांनी विचारले, “मॅडम, एका विहिरीतून वायू आत सोडायचा आणि दुसरीतून तेल काढायचे, असेच ना?”

तसे करायचे नाही, हे समजावण्यात बराच वेळ गेला. एका विहिरीतून दुसरीकडे वायू ढकलण्याच्या पद्धतीत वायूची श्यानता तेलाच्या तुलनेत अत्यल्प असल्याने तो तेलाला सरळ रेषेत न ढकलता सर्वांत सैल वाट शोधून पुढे घुसतो, शिवाय हलका असल्याने थराच्या वरच्या भागातून निघून जातो. हे आवरण्यासाठी पाणी आणि वायू आलटून-पालटून भरतात. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ही पद्धत १९५७ पासून वापरात आहे. पण त्यासाठी भरपूर वायू, विहिरींची नीट रचना आणि पहिले वाढीव तेल दिसेपर्यंत थांबण्याची आर्थिक ताकद लागते. आम्ही सुचवतो ती ‘हफ अँड पफ’ पद्धत एकाच विहिरीची आहे : त्याच विहिरीत वायू भरायचा, काही आठवडे ती बंद ठेवायची आणि मग त्याच विहिरीतून उत्पादन घ्यायचे. फायदा मर्यादित, विहिरीच्या जवळच्या भागापुरता. पण पैसा अडकतो तोही मर्यादित, आणि निकाल काही महिन्यांत हाती येतो.

व्यवस्थापकांची शंका अधिक नेमकी होती. “साहेब, आमची कुठलीही विहीर पंधरा दिवस बंद ठेवून उघडली की चार दिवस जास्तच देते. मग तुमच्या गॅसचं श्रेय कुठलं?” या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे, अन्यथा सगळी परीक्षा निरर्थक आहे. उत्तर पुढच्या नोंदींत येईल.

९ जुलै २०२४

जगातील अनुभवाचा आढावा मालकांनी लेखी मागितला होता, तो आज पाठवला. टेक्ससमधील स्कर्री परगण्यातील सॅक्रोक क्षेत्रात १९७२ मध्ये मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड भरण्यास सुरुवात झाली. कॅनडातील वेबर्न क्षेत्राला २००० पासून अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातील कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्यातून, तीनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळमार्गाने तो मिळतो. मेक्सिकोच्या कांतारेल या समुद्री क्षेत्रात त्याच वर्षी नायट्रोजन भरणे सुरू झाले. आपल्याकडे गंधार क्षेत्रासाठी कोयली शुद्धीकरण कारखान्यातील कार्बन डायऑक्साइड वापरण्याचा करार इंडियन ऑइल आणि ओएनजीसी यांच्यात २०१९ मध्ये झाला.

या सगळ्यांत समान धागा नळमार्गाचा किंवा प्रचंड संयंत्राचा आहे, म्हणून आमच्या मालकांना त्यांतून तंत्र घेता येईल, अर्थकारण घेता येणार नाही. त्यांच्या जवळचे उदाहरण केंटकीच्या पूर्व भागातील आहे, जेथे उथळ, जुन्या, दिवसाला फार थोडे तेल देणाऱ्या विहिरींमध्ये लहान उत्पादकांनी एकेका विहिरीत वायू भरून तो परत काढण्याचे चक्र चालवले. अमेरिकेत करासाठी दिवसाला १५ बॅरलपर्यंत देणारी विहीर सीमांत धरली जाते. आमच्या क्षेत्रातील बहुतेक विहिरी त्या रेषेखाली आहेत.

२४ जुलै २०२४

पुण्यातील एका प्रयोगशाळेत तेलाच्या नमुन्यावर उच्चदाब कोठीतील चाचणी झाली. ८० अंश आणि ६० बारला तेलाचे आकारमान दहा टक्क्यांच्या आसपास वाढले आणि श्यानता स्पष्टपणे उतरली. काळजीचा विषय डांबरी घटक होता, कारण कार्बन डायऑक्साइडमुळे ते खाली बसून थराची छिद्रे बुजवू शकतात. गाळणीवर दखल घ्यावी एवढे काही आढळले नाही. मेणाचे तसे नाही. थरातील तापमानाला ते विरघळलेले राहते, पण वायू सुटताना तेल गार होते आणि हलके घटक वायूबरोबर निघून जातात, त्यामुळे विहिरीच्या वरच्या भागात मेण चिकटण्याचा धोका वाढतो. उत्पादन सुरू करताना गरम तेल फिरवण्याची सोय अंदाजपत्रकात घातली.

६ ऑगस्ट २०२४

रचनेची आकडेमोड पूर्ण झाली. तिचा सारांश जरा विस्ताराने ठेवतो, कारण पुढच्या विहिरीला हीच पद्धत लागेल.

परिमाण ६० टन धरले, म्हणजे तीन-चार टँकर. एक टन कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावर सुमारे ५३५ घनमीटर जागा व्यापतो, तेव्हा एकूण ३२,००० घनमीटर. थरातील दाबाला आणि तापमानाला त्याची घनता घनमीटरला १२५ किलोच्या जवळ येते, म्हणून तेथे तो ४८० घनमीटर जागा घेईल. छिद्रांतील चौथा हिस्सा वायूने व्यापला असे मानले तर ६ मीटर जाडीच्या थरात विहिरीभोवती २१-२२ मीटर त्रिज्येचा भाग त्याच्या प्रभावाखाली येतो. प्रत्यक्षात काही वायू तेलात विरघळेल आणि काही सैल थरांतून लांब जाईल, त्यामुळे ही त्रिज्या काटेकोर नाही. पण शंभर मीटरवरच्या शेजारच्या विहिरीला फरक पडेल का, या प्रश्नाचे उत्तर तिच्यावरून मिळते.

भरण्याची पद्धत हा सर्वांत अवघड भाग निघाला. टँकरमध्ये हा वायू २० बार आणि उणे २० अंशांना द्रवरूपात असतो. तो तसाच विहिरीत सोडला तर १,३०० मीटर उंचीच्या द्रवस्तंभाचा भारच सुमारे ११५ बार होतो, आणि खाली थरात मात्र ६० बार आहे. म्हणजे थर द्रव ओढून घेईल, नळीच्या वरच्या भागातील दाब कोसळेल, द्रव उकळेल आणि तापमान एकदम खाली जाईल. दाब ५.२ बारच्या खाली गेला तर कार्बन डायऑक्साइड द्रव राहूच शकत नाही. त्याचा कोरडा बर्फ होतो आणि तो व्हॉल्व्हमध्ये अडकला तर पुढचे काम थांबते. नुसते तापमान घसरले तरी जुन्या वेलहेडचे (विहिरीच्या तोंडावरील जोडणीचे) पोलाद ठिसूळ होण्याचा धोका आहे.

म्हणून द्रव पंपाने ५५ बारपर्यंत नेऊन हीटरमधून ४५ अंशांचा करून वायुरूपातच विहिरीत सोडायचा. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइडचे द्रव आणि वायू असे दोन थर पडतच नाहीत, त्यामुळे नळीत उकळण्याचा प्रश्न उरत नाही. वायूच्या स्तंभाचा भार सुमारे १७ बार, तेव्हा विहिरीच्या तळाशी ७२ बार मिळतील, जे थराच्या ६० बारहून पुरेसे अधिक आणि खडक फाटण्याच्या दाबापेक्षा खूपच कमी आहेत. हीटरला दर किलोमागे अंदाजे ३०० किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. तासाला २ टन भरायचे तर १७० किलोवॅट. क्षेत्रातील वीजजोडणी तेवढा भार घेत नाही, म्हणून डिझेलवर चालणारा हीटर भाड्याने घ्यायचा.

केसिंग, म्हणजे विहिरीच्या भिंतीला लावलेली बाहेरची पोलादी नळी, जुने आहे. वायू केसिंग आणि ट्यूबिंग (तेल वर आणणारी आतली नळी) यांच्यामधल्या पोकळीतून भरला तर रॉड आणि पंप काढावे लागत नाहीत आणि रिगचा (विहिरीतील नळ्या-पंप काढण्या-बसवण्याच्या यंत्राचा) खर्च वाचतो, ही मालकांची सूचना खर्चाच्या दृष्टीने बरोबर आहे. परंतु केसिंगची दाबचाचणी कित्येक वर्षांत झालेली नाही आणि बाहेरच्या सिमेंटची स्थिती फाइलीवरून समजत नाही. वर गोड्या पाण्याचा थर आहे. तेव्हा रिग आणून पंप काढायचा, पॅकर (ती पोकळी खाली बंद करणारे बूच) बसवायचा आणि ट्यूबिंगमधूनच वायू भरायचा, असा आमचा आग्रह राहिला आणि तो त्यांनी मान्य केला.

२० ऑगस्ट २०२४

व्यवस्थापकांच्या प्रश्नाचे उत्तर आज कामाच्या आराखड्यात आले. निवडलेली विहीर आधी वायूशिवाय दोन आठवडे बंद ठेवायची, मग उघडून चाचणी-सेपरेटरवर रोज मोजायची. विहीर बंद असताना आजूबाजूचे तेल हळूहळू तिच्याकडे सरकते आणि उघडल्यावर काही दिवस जादा उत्पादन मिळते, हा अनुभव सर्वत्र आहे. ते जादा तेल नवे नसते, उशिरा मिळालेले जुनेच तेल असते. वायू भरल्यानंतरची वाढ या वाढीच्या पुढे किती गेली, तेवढेच वायूचे श्रेय. शेजारची एक विहीर कोणताही फेरफार न करता तुलनेसाठी चालू ठेवायची.

मालकांना हे पटवणे सोपे गेले नाही. दोन आठवड्यांचे उत्पादन आणि वर परीक्षेच्या आधीची परीक्षा, हा त्यांना दुहेरी खर्च वाटला. शेवटी मुद्दा सरकारी धोरणाने निकालात निघाला. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या वाढीव उत्पादन-पद्धतींच्या धोरणात सेस (उपकर) आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) यांतील अंशतः सवलत वाढीव उत्पादनावर ठेवलेली आहे, आणि वाढीव म्हणजे कशाच्या तुलनेत, हे दाखवण्यासाठी आधाररेषा लागतेच. ती आपल्या हातची आणि मोजलेली असणे त्यांच्याच हिताचे आहे.

१२ सप्टेंबर २०२४

पंप, हीटर आणि मीटर एका सांगाड्यावर बसवण्याचे काम भोसरीतील एका कारखान्यात चालू आहे. तपासणीत सांध्यांतील ओ-रिंग साध्या नायट्राइल रबराच्या निघाल्या. पाण्याला किंवा तेलाला त्या चालतात, पण दाबाखाली कार्बन डायऑक्साइड रबरात शिरतो आणि दाब एकदम उतरवला की आतून फुगून रबर फाडतो. दाब उतरल्यावर फाटण्यास टिकाव धरणाऱ्या, अधिक कठीण प्रकारच्या ओ-रिंग सर्वत्र बदलून घेण्यास सांगितले. कारखान्याने आधी कुरकुर केली. नमुन्याची एक रिंग दाबकोठीत ठेवून बाहेर काढल्यावर कुरकुर थांबली.

८ ऑक्टोबर २०२४

वायूशिवायच्या बंद-चाचणीचा निकाल आला. विहीर उघडल्यानंतर पहिल्या आठवड्यात उत्पादन नेहमीच्या दीडपटीपर्यंत गेले, दुसऱ्या आठवड्यात उतरू लागले आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस जुन्या पातळीवर आले. तीन आठवड्यांतील सारे जादा तेल एकत्र केले, तर बंद काळात बुडालेले उत्पादनही पूर्ण भरून निघत नाही. हीच वाढ वायू भरल्यानंतर दिसली असती, तर यशाचे पेढे वाटले गेले असते.

व्यवस्थापकांनी आलेख पाहून एवढेच विचारले, की हा कागद पुढेही जपून ठेवणार ना. ठेवणार.

१९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीनंतर रिग मिळाला. पंप काढला, पॅकर बसवला, पोकळीत पाणी भरून दाबचाचणी घेतली, दाब टिकला. वायू भरण्यास पहाटे सुरुवात झाली. आमच्यापैकी दोघे जागेवर आहेत आणि दर तासाचे आकडे पुण्यात येत आहेत.

सुरक्षेबाबत एक गोष्ट ठळक नोंदवावीशी वाटते. कार्बन डायऑक्साइड हवेहून दीडपट जड असतो, वास नसतो आणि वेलहेडभोवतीच्या खड्ड्यात साचतो. तेलक्षेत्रातील माणसांची सवय ज्वलनशील वायूची असते, त्यामुळे ज्वलनशील वायू दाखवणारा मीटर शून्य दाखवतो आहे एवढ्यावर विश्वास ठेवून कोणी खड्ड्यात उतरू शकतो. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड जिवाला तत्काळ धोकादायक मानला जातो आणि आठ तासांच्या कामासाठी मर्यादा अर्ध्या टक्क्याची आहे. म्हणून स्वतंत्र मीटर, खड्ड्यावर जाळी, आणि काम चालू असेपर्यंत खाली उतरण्यास पूर्ण मनाई.

वेलहेडचा दाब ५३ ते ५६ बारच्या दरम्यान स्थिर राहिला. टँकर बदलताना खंड पडला तेव्हा नळीतील तापमान उतरले, पण ३१ अंशांच्या खाली गेले नाही.

५ डिसेंबर २०२४

विहीर बंद आहे. वेलहेडचा दाब सुरुवातीला वेगाने आणि आता मंदपणे उतरतो आहे, म्हणजे वायू तेलात विरघळण्याचे आणि लांब पसरण्याचे काम दोन्ही चालू आहे; कोणते किती, हे दाबावरून सांगता येत नाही. फार लवकर उघडले तर वायू तेलात न मुरता परत येतो, फार उशीर केला तर तो विहिरीपासून दूर निघून जातो. दाबाचा उतार सपाट होत आला की उघडायचे ठरले आहे. शेजारच्या तुलनेच्या विहिरीतील वायूचे प्रमाण बदललेले नाही.

२० डिसेंबर २०२४

लहान चोकवर (प्रवाह आवरणाऱ्या अरुंद तोंडावर) विहीर उघडली. अपेक्षेप्रमाणे आधी जवळजवळ निव्वळ वायू आला, मग फेसाळ तेल. फेसामुळे सेपरेटरमधील पातळी खोटी दाखवली जाते, म्हणून पहिले काही दिवस मोजमापासाठी तेल टाकीत घेऊन, फेस बसू देऊन डिप टाकली. गरम तेल दिवसातून एकदा फिरवावे लागते आहे. हिवाळ्यात हे काम केल्याचा हा त्रास आहे. परत येणाऱ्या वायूबरोबर पाणीही येते आणि ओला कार्बन डायऑक्साइड पोलाद खातो, त्यामुळे गंजरोधक रसायन पहिल्या दिवसापासून चालू ठेवले आहे.

२८ जानेवारी २०२५

आता पुरेसे दिवस हाती आहेत. नैसर्गिक प्रवाह संपल्यावर पंप पुन्हा बसवला गेला आणि त्यानंतरचे उत्पादन बंद-चाचणीच्या आलेखावर ठेवून पाहिले. पहिल्या आठवड्यात दोन्ही रेषा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की तेवढ्यावरून कोणताही निष्कर्ष काढला असता तर तो चुकला असता. फरक पुढे दिसतो : बंद-चाचणीत तिसऱ्या आठवड्याअखेर रेषा जुन्या पातळीवर आली होती, येथे ती वरच राहिली आहे आणि फार हळू उतरते आहे. दोन रेषांमधील क्षेत्रफळ हेच वायूचे श्रेय. ते आहे, आणि शेजारची विहीर नेहमीच्या वेगाने घटत राहिल्याने ते हवामानाचे किंवा मोजमापाचे नाही हेही ठरते. भरलेल्या वायूचा मोठा हिस्सा मात्र पहिल्या टप्प्यातच परत आला आणि हवेत गेला. एका विहिरीसाठी तो पकडून पुन्हा भरणे परवडत नाही, पण ही उणीव अहवालात झाकलेली नाही.

खर्चाचा ताळेबंद अधिक बोलका आहे. एकूण खर्चात वायूचा वाटा आम्ही समजलो होतो तेवढा मोठा नाही. सर्वांत मोठा वाटा रिगचा आहे, कारण तो पंप काढण्यासाठी एकदा आणि बसवण्यासाठी पुन्हा आणावा लागला. वाढीव तेलाने वायू, हीटर आणि टँकर यांचा खर्च निघतो. रिगचा निघत नाही. तेव्हा या विहिरीवर लगेच दुसरे चक्र चालवण्याची शिफारस आम्ही करत नाही, मालकांची तशी तयारी असली तरी.

त्याऐवजी असे सुचवले आहे. रॉड पंप झिजतात आणि ठराविक काळाने बदलावे लागतात. त्यासाठी रिग येणारच असतो. पंप जेव्हा एरवीही बाहेर काढायचा आहे, तेव्हाच त्या विहिरीत वायू भरला, तर काढण्याचा आणि बसवण्याचा खर्च देखभालीच्या खात्यात राहतो आणि वायूला फक्त मधल्या थांब्याचे भाडे सोसावे लागते. व्यवस्थापकांनी पंपबदलाच्या तारखा पाठवल्या असून त्यांत केसिंगची दाबचाचणी झालेली एकच विहीर मार्चअखेरीस येते. तिची वायूशिवायची बंद-चाचणी ३ फेब्रुवारीला सुरू करायची आहे, चाचणी-सेपरेटर तोपर्यंत परत पाठवायचा नाही, आणि हीटरचे भाडे पुढे चालू ठेवायचे की नव्याने ठरवायचे हे त्या चाचणीच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांना कळवायचे आहे.